कोटितीर्थाकाठचे आबालाल

मी सातवीपर्यंत शिकलेली संसारी बाई. लेख लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग. चुकले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी मंडळात तैलरंगाचा वर्ग भरला. मी प्रवरेचा घाट काढायला घेतला. पाण्याला निळा रंग दिला, तर नदीच्या जागी निळी भिंत उभी राहिली! लाजून मी ते चित्र धान्याच्या कोठीमागे ठेवले. चाळिशी उलटल्यावर हा खटाटोप कशाला, असे वाटले. तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची हकीकत सांगितली.

आबालालांचे वडील कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करीत. सुरेख रेषेचे संस्कार मुलावर घरातच झाले. पुढे ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि व्हाइसरॉयचे पदक मिळवून कोल्हापुरास परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार नेमले. तरी त्यांचे राहणे कोटितीर्थ तलावाकाठी, अगदी साधेपणाने. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हेच पाणी त्यांनी जन्मभर न्याहाळले व रंगवले. त्याच काळात दूर फ्रान्समध्ये क्लोद मोने हे थोर चित्रकार आपल्या बागेतले कमळांचे तळे पुनःपुन्हा रंगवीत होते. पाणी तेच, पण घटकेघटकेला उजेड निराळा!

१९२२ साली महाराज निवर्तले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगतात. १९३१ साली तेही गेले. त्यांची थोडीच चित्रे आज उरली आहेत.

हे ऐकून मी आठवडाभर पहाटे घाटावर नुसती बसले. पाण्यात निळे फार थोडे दिसले. झाडाखाली हिरवट जांभळे, मध्ये आभाळाचे पिवळे. मग कोठीमागचे चित्र बाहेर काढले. वाळलेल्या रंगावर आधी गडद रंग, मग कुंचल्याचे आडवे, आखूड फटकारे, अन् शेवटी उजेडाचे जाड ठिपके दिले. रंग एकमेकांत घोटले नाहीत.

चित्र अजून कच्चेच आहे. पण सासूबाई ज्या पायरीवर धुणे धूत असत, ती त्यांनी बोट ठेवून दाखवली.

भंडारदऱ्याचे पाणी सुटले की मी पुन्हा घाटावर जाणार आहे. कोणा भगिनीला यायचे असल्यास लवकर निघावे. ऊन चढले की पाण्याचे सारे रंग उडतात.