बाबासाहेबांची शिष्यवृत्ती आणि प्रत्येक मुलाचा हक्क

जयंती आली की बाबासाहेबांच्या बुद्धिमत्तेचे गोडवे सगळेच गातात. पण त्या बुद्धीला शाळेच्या दारापासून कोलंबिया विद्यापीठापर्यंत पोचवणारा पैसा कुठून आला, हे फारसे कोणी विचारत नाही. बाबासाहेबांच्या चरित्रातला हा जमाखर्च आम्हाला आज मांडायचा आहे. कारण पाटणसारख्या डोंगरी तालुक्यात वकिली करताना तोच प्रश्न आमच्यापुढे रोज उभा राहतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी मोजकीच जगली. रामजी लष्करातून निवृत्त झाले, कुटुंब पुढे आमच्या साताऱ्यात आले आणि १८९६ साली भीमाबाई तिथेच निवर्तल्या. आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव दाखल झाले.

१९०१ साली रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. तरीही जात कळताच गाडीवान मिळेना आणि वाटेत प्यायला पाणी मिळेना. मसूर शेजारच्या कराड तालुक्यातले, आम्हाला काही परके नाही. पैसा असला तरी जात आडवी येते, हा धडा बाबासाहेबांना तिथे मिळाला. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर ते अमेरिकेला गेले. मुदत संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. सयाजीराव आणि शाहूराजे यांचे ऋण आम्ही कधी विसरणार नाही. पण एक भीमराव राजांच्या नजरेस पडला. जे पडले नाहीत, त्या हजारो भीमरावांचे काय झाले?

खुद्द त्यांच्या घरात काय झाले? रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव वाचले. जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या बापालाही गरिबीने मुले वाचवू दिली नाहीत.

या दुःखाचा त्यांनी सार्वजनिक प्रश्न केला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. म्हणजे मूल हा आईबापांचा खाजगी खर्च नसून समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यांनी तेव्हाच मांडले होते.

त्याच १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. मताला मालमत्तेची वा शिक्षणाची अट त्यांना मान्य नव्हती. पुढे संविधानात तेच आले. ते मजूर मंत्री असतानाच, १९४४ साली, भारत सरकारने अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. राजाच्या मर्जीवरची मदत सरकारी योजना झाली, ही मोठी मजल होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढची मजल आपल्याकडे राहिली.

आज चित्र काय आहे? आयकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी शुल्कावर, इतर बचतीसह दीड लाखाच्या मर्यादेत सूट मिळते. म्हणजे साहेबांच्या मुलाच्या फीचा वाटा सरकार उचलते. पाटणच्या वाडीवस्तीवरची मोलकरीण किंवा मुंबईत पाठीवर ओझी वाहणारा आमचा माथाडी आयकरच भरत नाही. त्याच्या मुलाला कसली सूट? त्याने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी ते तहसील हेलपाटे घालायचे. २०२३ सालच्या लेक लाडकी योजनेतही पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट आलीच. दाखला चुकला की मूल बाद. श्रीमंताची सूट मात्र त्याच्या विवरणपत्रात आपोआप बसते!

ब्रिटनने १९४५ साली कायदा करून दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला ५ शिलिंग भत्ता ठरवला. १९७७ ते १९७९ या काळात तिथे मुलांवरची करसवलत टप्प्याटप्प्याने काढून तोच पैसा पहिल्या मुलापासून सार्वत्रिक बालभत्त्यात घातला गेला. बापाच्या पगारात दिसणारी सवलत आईच्या हाती रोख पडू लागली.

आमची मागणी तीच आहे. मुलांच्या नावावरची करसवलत बंद करा आणि प्रत्येक मुलाचा मासिक भत्ता आईच्या खात्यावर जमा करा. श्रीमंताच्या मुलाला का द्यायचा, असे कोणी विचारील. त्याला तर आजही मिळतोच आहे! सर्वांना द्या आणि ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून कराने वसूल करा. मताला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, मग मुलाच्या दुधाला का लागावा?

मात्र एक सावधगिरी हवी. सार्वत्रिकतेच्या नावाखाली अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्तीला कात्री लावण्याचा डाव कोणी टाकला, तर तो हाणून पाडला पाहिजे. भत्ता गरिबीवरचा उपाय आहे, जातीवरचा नव्हे. मसूरच्या स्टेशनावर त्या मुलांच्या खिशात पैसे होते, तरी त्यांना पाणी मिळाले नव्हते.

जयभीम!