लॉक म्हणजे कुलूप नव्हे!
(सर आर्थर कॉटन : एक परिचय)

सिव्हिलवाल्यांना आवडता इंजिनिअर विचारला, तर सगळे विश्वेश्वरय्या म्हणतात. त्यांच्यावर दर वर्षी कोणी ना कोणी लिहितंच. म्हणून मित्रांनो, मी या वेळी दुसरा माणूस घेतलाय. याने कालवे फक्त शेतीसाठी खोदले नाहीत, त्यांतून नावाही चालवल्या.

आर्थर कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ चा, इंग्लंडमधला. १८२१ साली ते कंपनी सरकारचे इंजिनिअर म्हणून मद्रासला आले. आपण सीईटीचे फॉर्म भरतो, जवळपास त्याच वयात! पहिलं मोठं काम कावेरीवर. तिथे चोळ राजांचा जुना बंधारा वाळूवरच उभा होता आणि शेकडो वर्षं टिकला होता. खाली खडक लागत नसेल तरी बंधारा बांधता येतो, हे कॉटन त्या बंधाऱ्याकडून शिकले. आपल्या फाउंडेशनच्या सिलॅबसमध्ये हा किस्सा असायला हवा होता, असं मला वाटतं.

मग गोदावरी. आपल्याला ती त्र्यंबकेश्वरची आणि नाशिकच्या रामकुंडाची माहीत. आंध्रात राजमहेंद्रीजवळ मात्र तिचं पात्र काही किलोमीटर रुंद होतं. १८३३ च्या सुमारास त्याच भागात दुष्काळाने माणसं मेली, आणि नदीचं पाणी मात्र समुद्रात जात होतं. कॉटननी धवळेश्वरमला बंधारा सुचवला. १८४७ ला काम सुरू झालं, १८५२ ला पुरं झालं. कंपनीने पैसे दिले ते काही दयेपोटी नाही, दुष्काळात शेतसारा बुडत होता म्हणून. पण जमीन भिजली हे खरं. आज त्या जागी नवा बॅरेज आहे, त्याला कॉटन यांचंच नाव आहे, आणि त्यावर सुमारे दहा लाख एकर शेती होते.

आता लॉक. लॉक म्हणजे कुलूप नव्हे, ती पाण्याची लिफ्ट. नदी आणि कालवा यांची पातळी वेगळी असते, कालव्यातही मधेमधे उतार येतो. तिथे दगडी हौद बांधतात, दोन्ही टोकांना दरवाजे. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, झडपेतून वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरतो तशी नाव वर येते. पातळी सारखी झाली की पुढचं दार उघडायचं. उतरताना उलटं. मोटर नाही, वीज नाही, लोडशेडिंगची भीती नाही! दरवाजे बंद असताना इंग्रजी व्ही अक्षरासारखे मिटतात आणि वरच्या पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

धवळेश्वरमला कालव्याच्या तोंडाशी असे लॉक बसवले, पुढे कालव्यांवरही. कालव्यावर पूल बांधायचा तर खालून नाव जाईल इतकी उंची ठेवावी लागायची. गन्नवरमला तर कॉटन यांच्या हाताखालच्या हेग नावाच्या अधिकाऱ्याने ४९ कमानींचा पूल बांधून गोदावरीच्या फाट्यावरून अख्खा कालवाच पलीकडे नेला. कृष्णेवर विजयवाड्याला बंधारा झाल्यावर एलुरू कालव्याने दोन्ही नद्या जोडल्या गेल्या. विजयवाडा शहरातून आजही तीन कालवे वाहतात.

याच कॉटनना विदर्भाचा कापूस गोदावरीतून समुद्रापर्यंत न्यायचा होता! वर्धा, प्राणहिता, गोदावरी, आणि शेवटी काकीनाडा बंदर. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा आपल्या गडचिरोली जिल्ह्यातलं देवलमरी. प्रत्येक ठिकाणी बंधारा, बाजूने कालवा, कालव्यात लॉक, असा प्लॅन. १८६० नंतर काम सुरू झालं, प्रमुख तेच हेग. पण १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७१ ला सरकारने सगळं काम थांबवलं.

चूक कोणाची? रात्री तुर्भ्याला मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगा बघितल्या की मी कॉटनच्या बाजूने होते. जड माल पाण्यावरून ओढायला फार कमी ताकद लागते. पण उन्हाळ्यात वरच्या गोदावरीत पाणीच नसतं, तेव्हा नाव काय वाळूवर चालवणार? रेल्वे बारा महिने चालते. त्यांच्याच कल्पनेतून खाजगी कंपनीने काढलेला कर्नूल-कडप्पा कालवा तोट्यात गेला, आणि १८८२ ला सरकारने विकत घेतला. म्हातारपणी, १८७८ साली, ते पार्लमेंटच्या कमिटीपुढे रेल्वेवाल्यांशी भांडत होते. दक्षिणेत नुकताच प्रचंड दुष्काळ पडला होता. रेल्वे होती, तरी लाखो माणसं मेली. रेल्वे धान्य आणते, पिकवत नाही, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मला आजही खोडता येत नाही.

२४ जुलै १८९९ ला ते वारले, वय ९६. गोदावरीच्या डेल्टात गावोगावी त्यांचे पुतळे आहेत. २००८ साली काकीनाडा ते पुद्दुचेरी हा जुना कालव्यांचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ म्हणून जाहीर झाला. गोदावरी आणि कृष्णा त्यातच येतात. देवलमरीला मात्र एकही लॉक झाला नाही, आणि विदर्भाचा कापूस रेल्वेने मुंबईलाच आला.