तिलिस्म बांधणारा मक्तेदार

१९९४ ते १९९६ या काळात रविवारी सकाळी आमच्या घरी आंघोळी खोळंबलेल्या असत. दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची आणि ती संपली की पोह्यांच्या ताटल्या हातात घेऊन आम्हा भावंडांचा वाद सुरू व्हायचा. भावाचं म्हणणं, तिलिस्म म्हणजे शुद्ध जादू, आणि जादूला कसले आलेत नियम? माझा हट्ट असा, की नियमच नसतील तर कुणीही यावं आणि खजिना उचलून न्यावा, मग राजपुत्राची गरजच काय? आईचं मत विचारलं, तर आम्ही आधी ताटल्या घासायला टाकाव्यात एवढंच असायचं.

पुढे हा वाद मिटवायचा म्हणून मी मूळ हिंदी पुस्तकं मिळवून वाचली. मालिकेनं कथेत पुष्कळ मोकळीक घेतली होती, हे तर कळलंच. पण खरी गंमत निराळीच होती. आमच्या घरातला वाद शंभरएक वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांतून रंगून गेला होता आणि लेखकानं त्याला उत्तरही देऊन ठेवलं होतं. हे लेखक म्हणजे बाबू देवकीनंदन खत्री.

खत्रींचा जन्म १८६१ मधला, बिहारमध्ये, आजोळी. सुरुवातीचं शिक्षण उर्दू-फारसीचं. हिंदी आणि संस्कृत नंतर आलं. तरुणपणी त्यांनी गयेकडे व्यापार केला. पुढे काशीनरेशांच्या मुलखातल्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा मक्ता त्यांना मिळाला. मक्तेदारानं झाडं मोजावीत. हे गृहस्थ झाडांबरोबर पडके किल्ले, भुयारं आणि ओसाड वाडेही पाहत हिंडले. पुढे मक्ता हातचा गेला. एखादा खचला असता. खत्री काशीत बसून लिहू लागले आणि जंगलात पाहिलेल्या त्या भग्न भिंतींना त्यांनी दारं, कळा आणि खजिने बहाल केले. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांची कथा १८९० च्या आसपास वाचकांपुढे आली. तिचे भाग चार. त्यापुढची 'चंद्रकांता संतति' तब्बल चोवीस भागांची. दरम्यान १८९८ मध्ये त्यांनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला.

आता आमच्या वादाचा मुद्दा. खत्रींच्या तिलिस्माला नियम आहेत, आणि ते चांगले कडक आहेत. ज्याच्याजवळ अमाप धन आहे पण वारस नाही, तो तिलिस्म बांधतो. आपल्या कुळात पुढे कुणी लायक निपजेल का, हे तो ज्योतिषांना विचारतो. मग त्या न जन्मलेल्या माणसाच्या नावानं कारागिरांकडून सारी रचना करवून घेतो आणि ती उलगडण्याची माहिती एका पुस्तकात लिहून ठेवतो. दगडी बगळा माणसाला गिळतो, पण त्यामागे मंत्र नसतो, यंत्र असतं. 'संतति'मधला तिलिस्मी खंजीर अंगाला लागला की माणूस विजेचा झटका बसावा तसा बेशुद्ध पडतो; मात्र जोडीची अंगठी बोटात असेल तर काही होत नाही. ऐयारांचीही रीत ठरलेली. वेष बदलावा, बेशुद्धीची औषधं द्यावीत, शत्रूला गाठोड्यात बांधून पळवावं. पण पकडलेल्या ऐयाराला ठार मारायचं नाही, कैदेत ठेवायचं.

वाचक अर्थातच शंका काढत. वर्तमानपत्रांतून चर्चा झडली, की असली रचना शक्य आहे की निव्वळ अशक्य? 'संतति'च्या अखेरीस खत्रींनी याला शांतपणे उत्तर दिलं आहे. शक्य काय आणि अशक्य काय, हे देश, काळ आणि माणूस यांवर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. पण लगेच त्यांनी हेही कबूल केलं, की या गोष्टी खऱ्याखोट्याची परीक्षा व्हावी म्हणून लिहिलेल्या नाहीत, वाचताना कुतूहल वाढावं म्हणून लिहिल्या आहेत. थोडक्यात, भाऊही सुटला आणि मीही!

विद्वानांनी मात्र त्यांना सहज सोडलं नाही. या कादंबऱ्यांत घटनांचं वैचित्र्य आहे, रस नाही, म्हणून हे साहित्यच नव्हे, असा निवाडा आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात दिला. पण त्याच शुक्लांनी हेही नोंदवलं, की या पुस्तकांसाठी असंख्य उर्दू वाचक हिंदी शिकले. कचेरीत उर्दू चालण्याचा तो काळ. नागरी अक्षरं लावत लावत ही माणसं बगळ्याच्या पोटात पुढे काय झालं ते शोधत होती. खत्रींनी भाषाही मुद्दाम सोपी, बोलीतली ठेवली आणि भागागणिक ती हळूहळू बदलत नेली. वाचकाला पायरी चढल्याचं कळू नये, इतकी हळू.

'संतति'तला सर्वांत वादग्रस्त ऐयार भूतनाथ. त्याची बाजू सांगण्यासाठी खत्रींनी नवी कादंबरी घेतली. तिचे सहा भाग हातून झाले आणि १९१३ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, ते गेले. कथा अर्धवटच राहिली. पुढे त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी ती लिहून पूर्ण केली. वडील गेले तेव्हा ते अजून विशीतही आले नव्हते.

परवा भाऊ घरी आला होता. त्याला हे सारं सांगितलं, तिलिस्म वारसाच्या नावानं बांधतात तेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं 'भूतनाथ'चा पहिला भाग मागून घेतला आणि निघताना सांगून गेला, की जादूबद्दलचं आपलं मत अजून बदललेलं नाही.