शिष्यांकडून शिकलेला गुरू : नूट रॉकनी

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की नूट रॉकनी यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. हा फुटबॉल आपल्या मैदानावरचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, तो साथीदाराकडे फेकायचा आणि समोरच्या संघाने अंगावर झेपावून अडवायचे, असा हा धसमुसळा खेळ आहे.

रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील वॉस या गावी एका लुथरन कुटुंबात झाला. वडील घोडागाड्या बनवीत असत. नूट पाच वर्षांचा असताना हे कुटुंब अमेरिकेत शिकागो येथे स्थायिक झाले. तरुणपणी नूट यांनी काही वर्षे पोस्टात नोकरी केली व पैसे साठवले. वयाच्या २२व्या वर्षी, १९१० साली, त्यांनी इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला. हे विद्यापीठ होली क्रॉस संस्थेच्या कॅथोलिक धर्मगुरूंचे.

१ नोव्हेंबर १९१३ रोजी या लहानशा विद्यापीठाने बलाढ्य आर्मी संघाला ३५-१३ असे हरवले. गस डोराइस लांबवर चेंडू फेकत होते आणि रॉकनी धावत जाऊन तो झेलत होते. सुट्टीत समुद्रासारख्या विशाल ईरी सरोवराच्या काठी दोघांनी याचा सराव केला होता.

पदवीनंतर रॉकनी तेथेच रसायनशास्त्र शिकवू लागले आणि १९१८ साली मुख्य प्रशिक्षक झाले. तेरा मोसमांत त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, फक्त १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडवले. पाच मोसमांत तर संघाने एकही सामना हरला नाही की बरोबरीत सोडवला नाही.

इतकी वर्षे कॅथोलिक विद्यापीठात राहूनही रॉकनी कॅथोलिक झाले नव्हते. त्यांच्यावर कोणी सक्तीही केली नाही. पुढे त्यांनी स्वतःच एक आठवण सांगितली. परगावी एका मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री काळजीने त्यांना झोप लागेना. पहाटे ते हॉटेलच्या दिवाणखान्यात येऊन बसले. थोड्याच वेळात त्यांचे खेळाडू एकामागून एक खाली उतरले आणि मिस्सासाठी बाहेर पडले. त्या काळी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी मध्यरात्रीपासून उपवास करावा लागे. सामन्याच्या दिवशी झोप मोडून, उपाशीपोटी चर्चला निघालेली ही मुले पाहून गुरूच्या मनात काहीतरी हलले.

२० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठाच्या आवारातील लाकडी चॅपेलमध्ये रॉकनी यांनी बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले, तेही आपल्या लहान मुलाच्या सोबतीने. त्या दिवशी बापलेक दोघांचाही पहिला कम्युनियन होता.

१९२९ साली पायाच्या शिरांच्या दुखण्याने ते अंथरुणाला खिळले. तरीही चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी संघाला मार्गदर्शन केले. तो मोसम आणि पुढचा, दोन्ही संघाने अपराजित राहून जिंकले.

३१ मार्च १९३१ रोजी, पवित्र आठवड्यातील मंगळवारी, त्यांचे विमान कॅन्सस राज्यातील बझार गावाजवळ कोसळले. आठही जण मृत्युमुखी पडले. विमानाच्या लाकडी पंखांचे डिंकाने चिकटवलेले सांधे ओलाव्याने कमकुवत झाले होते. या अपघातानंतर विमानांची तपासणी कडक झाली आणि धातूच्या विमानांना चालना मिळाली. ईस्टरच्या आदल्या दिवशी विद्यापीठाच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. ते अवघे ४३ वर्षांचे होते.

रॉकनी यांनी मुलांना खेळ शिकवला. मुलांनी त्यांना श्रद्धेची वाट दाखवली, पण आपण काही शिकवत आहोत हे त्या मुलांच्या गावीही नव्हते. ती फक्त मिस्साला निघाली होती. बंधू-भगिनींनो, रविवारी सकाळी आपण घरातून निघतो तेव्हा आपल्याकडे कोण पाहत असेल, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असते?