डॉक्टर व्हायचं होतं, झाले वकील! बाबा आमटेंचं राहून गेलेलं स्वप्न पस्तिशीत परत आलं

नागपूरहून चंद्रपूरमार्गे ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे निघालात की वाटेत वरोरा लागतं. वाघ बघायच्या घाईत बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. पण गावालगतच आनंदवन आहे. ते उभं करणाऱ्या माणसाला तरुणपणी व्हायचं होतं डॉक्टर.

मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे. जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं. हातात बंदूक, दिमतीला मोटार आणि सिनेमाचं वेड तर इतकं की ते चित्रपटांची परीक्षणं लिहायचे. डॉक्टर होण्याची इच्छा मात्र वडिलांपुढे टिकली नाही. घरच्यांना मुलगा वकील हवा होता, आणि तो वकील झाला.

वरोऱ्यात वकिली जोरात चालली. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्यांच्या बचावासाठी ते उभे राहिले, तुरुंगातही गेले. पण पैसे मिळत असूनही या धंद्यात मन रमेना. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे हाल कळावेत म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला.

त्याच दिवसांत एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याकडेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगानं बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. कुणालाही न घाबरणारे बाबा तिथून पळाले. नंतर स्वतःचीच लाज वाटली. ते परत आले आणि त्यांनी तुळशीरामची अखेरपर्यंत सेवा केली.

सेवा करायची तर उपचार यायला हवेत. म्हणून पस्तिशीच्या आसपास, दोन मुलांचा बाप असलेला हा वकील कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेला. वर्गात बाकीचे डॉक्टर, हे एकटे वकील! कुष्ठरोगावर डॅप्सोन हे गुणकारी औषध तेव्हा नुकतंच वापरात येत होतं. संशोधनासाठी बाबांनी रोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले. सुदैवानं त्यांना लागण झाली नाही.

१९५१ साली पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याच्या खडकाळ माळरानावर आनंदवन सुरू झालं. रुग्णांनीच विहीर खोदली, शेती पिकवली. समाजानं टाकलेली माणसं स्वतःच्या कमाईचं खाऊ लागली. पुढे विकास आणि प्रकाश ही दोन्ही मुलं डॉक्टर झाली. १९७३ साली गडचिरोलीच्या जंगलात हेमलकसाचं काम उभं राहिलं.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. एमबीबीएसची पदवी त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. पण डॉक्टर व्हायचं असतं ते रुग्ण बरे करण्यासाठी, आणि ते काम त्यांनी आयुष्यभर केलं.

तुम्हाला विशीत काय व्हायचं होतं? ते पद आता मिळणार नाही कदाचित. पण त्या पदावर बसून जे काम करायचं होतं, ते अजूनही करता येईल का, एवढं एकदा तपासून बघा. आणि पुढच्या वेळी मोहर्लीला जाताना वरोऱ्यात गाडी थांबवा.