अनेक शाखा, एक मूळ : इरावती कर्वे यांची ज्ञानसाधना आणि ललित लेखन

मुंबई–अहमदाबाद महामार्गाने उत्तरेकडे जाताना तलासरी तालुक्यातील अच्छाड हे गाव मागे पडले की महाराष्ट्राची हद्द संपते. राज्याची सीमा येथे रेषेने दाखविता येते. भाषेची सीमा तशी दाखविता येत नाही. वारली बोली, मराठी आणि गुजराती यांचा वावर या पट्ट्यात एकमेकींत मिसळलेला आहे. अशा सीमावर्ती भागात मराठीचे अध्यापन करणाऱ्यास एक प्रश्न वारंवार पडतो : ज्ञानाच्या क्षेत्रांत आपण ज्या हद्दी आखल्या आहेत, त्या तरी कितपत खऱ्या आहेत? या प्रश्नाच्या संदर्भात इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचे चरित्र पुन्हा वाचण्यासारखे आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात त्या ललित निबंधकार म्हणून येतात आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासक्रमात संशोधक म्हणून. या दोन इरावतीबाई एकच होत्या, ही साधी गोष्ट दोन्हीकडे दुर्लक्षिली जाते. ती पुढे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाले होते. सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्यास हुजूरपागेत पाठविण्यात आले आणि पुढे त्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढल्या. ग्रंथांचा, चर्चेचा आणि बुद्धिनिष्ठेचा संस्कार त्यांना या घरात लाभला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांविषयी प्रबंध लिहून १९२८ मध्ये समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली. रसायनशास्त्राचे अध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह याच काळातला. त्या महर्षी कर्वे यांच्या स्नुषा झाल्या.

उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाण्याच्या बेतास खुद्द महर्षींचा विरोध होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या पुरुषाने आपल्याच घरातील सुनेच्या परदेशगमनास अनुकूल नसावे, ही विसंगती चरित्रकारास विचारात पाडणारी आहे. पतीचा पाठिंबा मात्र ठाम होता. जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जावर १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या.

२

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना शास्त्राचे रूप देणाऱ्यांत ज्यांची गणना पुढे झाली, ते हेच फिशर. युरोपीय लोकांच्या कवटीची विषमता इतर वंशांहून अधिक असते आणि तिचा संबंध बौद्धिक श्रेष्ठतेशी आहे, हे गृहीतक तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी कवट्या मोजल्या आणि वंश व कवटीची विषमता यांत संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष नोंदविला. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर शिकणाऱ्या तरुण स्त्रीने आपल्या मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडणे, याचे मोल ध्यानात घेतले पाहिजे. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या. मोजमापाची शिस्त त्यांनी तेथून आणली. त्या मोजमापामागचा उच्चनीच भाव त्यांनी आणला नाही.

परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात प्रशासकीय काम केले. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्यांची नेमणूक झाली आणि अखेरपर्यंत तीच त्यांची कर्मभूमी राहिली. भाषाशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एकाच आवारात वावरत होते, हा या संस्थेचा विशेष त्यांच्या वृत्तीला मानवणारा होता. ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत त्यांनी गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात भाग घेतला आणि तेथे सापडलेल्या मानवी सांगाड्यांचा अभ्यास केला. एकीकडे जिवंत माणसांची शरीरमापने, दुसरीकडे प्राचीन अस्थी, तिसरीकडे संस्कृत ग्रंथांतील नातेवाचक शब्द आणि चौथीकडे खेड्यापाड्यांतून पायी फिरून जमविलेल्या कुळांच्या व विवाहसंबंधांच्या नोंदी, असा त्यांचा पसारा होता.

३

हा पसारा विखुरलेला होता काय? त्यांच्या हयातीतही असा आक्षेप घेण्यास जागा होती. त्यांच्या मुख्य ग्रंथांकडे पाहिल्यास मात्र निराळे चित्र दिसते. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात त्यांनी भारताचे आप्तसंबंधांच्या दृष्टीने विभाग पाडले. उत्तरेत मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह सामान्यतः निषिद्ध. दक्षिणेत दोन्ही मान्य. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करता येते, आत्याची मुलगी मात्र टाळली जाते. महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला सांधा आहे, हा विचार या निरीक्षणाने स्थिर झाला. भाषा, ग्रंथ आणि क्षेत्रकार्य या तिन्हींची साक्ष एकत्र आल्यावाचून तो सिद्ध होणे कठीण होते.

जातीविषयीची त्यांची मांडणीही अशीच घडली. एकसंध वर्ण फुटून जाती निर्माण झाल्या, हे मत त्यांनी नाकारले. मुळात स्वतंत्र असलेले अंतर्विवाही गट एका व्यवसायनामाखाली शेजारी येऊन बसले, असे त्यांचे प्रतिपादन होते. थोरचाके आणि लहानचाके कुंभार हे दोघेही कुंभारच. परंतु त्यांची चाके वेगळी आणि बेटीव्यवहारही वेगळा. ‘हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन’ (१९६१) या ग्रंथात हा सिद्धान्त विस्ताराने आला आहे. येथे त्यांचा विरोध गुरुस्थानी असलेल्या घुर्यांच्या मताशी होता. बर्लिनमध्ये जडलेली सवय पुण्यातही सुटली नाही, असे म्हणता येईल.

४

मराठी वाचकाला परिचित असलेल्या इरावतीबाई याच काळात लिहीत होत्या. ‘परिपूर्ती’ (१९४९) हा त्यांचा पहिला लेखसंग्रह. त्यातील शीर्षकलेखात लेखिकेची ओळख कोणाची कन्या, कोणाची स्नुषा, कोणाची पत्नी अशी करून दिली जाते आणि तरी तिला काही उणे वाटत राहते. रस्त्यावरची मुले तिला आपल्या सवंगड्याची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ते उणेपण भरून निघते. हा लेख वात्सल्याचा म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु माणसाची ओळख नात्यांच्या जाळ्यातून कशी घडते, हाच त्यांच्या संशोधनाचाही विषय होता. शास्त्रज्ञ ज्या जाळ्याकडे बाहेरून पाहत होती, त्यात लेखिका स्वतः उभी होती, एवढाच फरक.

पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ या लेखातही हेच दिसते. दिंडीबरोबर पायी चालताना भक्तीचा आनंद त्या घेतात आणि त्याच दिंडीत ब्राह्मणांच्या व इतरांच्या पंगती वेगळ्या बसतात, हेही नोंदवितात. या नोंदीमागे संशोधकाची नजर आहे, तर त्या वेगळेपणाने होणारी वेदना लेखिकेची आहे. एकीवाचून दुसरीचे काम अपुरे राहिले असते.

या दोन्ही वृत्तींचा परमोच्च संयोग ‘युगान्त’ (१९६७) मध्ये झाला. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली होती. तिच्या आधारे पुढील काळातील दैवी पुटे बाजूला सारून त्यांनी महाभारतातील माणसे पाहिली. विदुर हा युधिष्ठिराचा पिता असावा काय, हा प्रश्न त्यांनी नियोगप्रथेच्या आधारे उपस्थित केला. आप्तसंबंधांचा अभ्यास नसता तर तो इतक्या नेमकेपणाने विचारला गेला नसता. मयसभेवरील लेखात त्यांनी खांडववनाच्या दहनाकडे पाहिले. कृष्ण आणि अर्जुन यांचा पराक्रम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली ही कथा त्यांना वनवासी नागांचा व अरण्यातील जीवांचा संहार म्हणून दिसली. शेतीसाठी नवी भूमी मिळावी म्हणून अरण्यासह अरण्यातील माणसे जाळली गेली, असा त्या कथेचा अर्थ त्यांनी लावला.

हा अर्थ केवळ ग्रंथवाचनातून आला नसावा, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. पश्चिम खानदेशातील भिल्लांमध्ये त्या काम करून आल्या होत्या. कोयना धरणामुळे उठविल्या गेलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन कोणाची आणि तिच्यावरून कोण उठविला जातो, हा प्रश्न त्यांच्या समोर महाभारतात होता तसाच सह्याद्रीतही होता. १९४५ मधील वारल्यांच्या लढ्याची स्मृती जपणाऱ्या डहाणू–तलासरीच्या पट्ट्यात ‘युगान्त’ शिकविताना खांडववनाचे प्रकरण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विद्यार्थी ते आपल्या घरच्या गोष्टीसारखे ऐकतात.

५

‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कार्याची वाटणी झाली. शरीरमापनाची पद्धत मागे पडली, तसे त्यांचे शास्त्रीय लेखन मागे पडले, आणि निबंध मराठीच्या पाठ्यपुस्तकांत गेले. त्यांच्या व्यासंगाला किंमत द्यावी लागली, हेही मान्य केले पाहिजे. इतक्या क्षेत्रांत एकाच वेळी वावरणाऱ्या व्यक्तीचे काही सिद्धान्त घाईचे ठरले आणि कोणत्याही एका शास्त्राने त्यांना पूर्णपणे आपले मानले नाही.

तथापि एका विषयातून दुसऱ्या विषयात जाताना त्या रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. कवटीच्या मोजमापातून आलेला संशय त्यांनी जातिविचारात नेला, आप्तसंबंधांची जाण महाभारतात नेली आणि ललित लेखनातून आलेली सहानुभूती विस्थापितांच्या पाहणीत नेली. अनेक विषयांचा छंद हा सर्जनाला पोषक ठरतो असे सरसकट म्हणता येणार नाही. जेथे सर्व विषयांच्या तळाशी एकच प्रश्न असतो, तेथेच तो पोषक ठरतो. इरावतीबाईंचा प्रश्न होता : माणसे एकमेकांची कोण लागतात? त्याचे उत्तर शोधताना त्यांनी विद्याशाखांच्या हद्दी मानल्या नाहीत. त्यांचे लेखन शिकविताना आपणही त्या मानू नयेत, एवढी अपेक्षा मराठीच्या अध्यापकाकडून करणे वावगे होणार नाही.