शिंकांवरच्या गोळीचा जनक : डॅनियल बोव्हे

हवा बदलली की घरोघरी शिंका, नाक गळणं, अंगावर गांधी उठणं सुरू होतं. मेडिकलमधून गोळी आणली की बरंही वाटतं. या गोळीचा पाया घातला तो स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या डॅनियल बोव्हे यांनी.

२३ मार्च १९०७ रोजी न्यूशाटेल इथं त्यांचा जन्म झाला. वडील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. १९२९ मध्ये जिनिव्हात डॉक्टरेट मिळवून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तिथं १९३५ मध्ये त्यांच्या गटानं दाखवून दिलं, की प्रॉन्टोसिल या औषधातला खरा गुणकारी भाग म्हणजे सल्फानिलामाइड हे आधीपासून माहीत असलेलं साधं रसायन. सल्फा औषधांचा मार्ग त्यातून मोकळा झाला.

त्यानंतर बोव्हे वळले हिस्टामिनकडे. आपल्या त्वचेत, नाकात, फुफ्फुसांत मास्ट पेशी असतात. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात धूळ किंवा परागकण गेले, की या पेशी आपल्या कणांत साठवलेलं हिस्टामिन बाहेर टाकतात. मग खाज, सूज, शिंका. शरीरातल्या इतर काही रसायनांना अडवणारी औषधं होती, हिस्टामिनला मात्र नव्हतं. ते असलंच पाहिजे, या विचारानं बोव्हे कामाला लागले. १९३७ मध्ये ॲन-मारी स्टाउब यांच्यासोबत त्यांनी पहिलं हिस्टामिनविरोधी रसायन शोधलं. गिनीपिगवर ते चाललं, पण माणसाला देण्याजोगं नव्हतं, फार विषारी होतं. माघार न घेता शोध सुरू राहिला आणि १९४४ मध्ये मेपिरामिन हे वापरण्याजोगं औषध हाती आलं.

हे औषध काम कसं करतं? हिस्टामिन ज्या जागी जाऊन बसतं, ती जागा ते आधीच अडवतं. मास्ट पेशींना मात्र ते सहसा थांबवत नाही. त्या हिस्टामिनसोबत इतरही रसायनं सोडतात, त्यांच्यावर या गोळीची फारशी मात्रा चालत नाही. म्हणूनच दम्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. ॲलर्जीनं घसा सुजला, श्वास अडला, चक्कर आली, तर गोळीवर विसंबून घरी बसू नये. तिथं ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, तेव्हा तातडीनं दवाखाना गाठावा. शिवाय जुन्या पिढीच्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन गाडी चालवणं धोक्याचं.

बोव्हे यांच्या पत्नी फिलोमेना निट्टी या इटलीच्या माजी पंतप्रधानांच्या कन्या आणि स्वतः संशोधक. १९४७ मध्ये हे दांपत्य रोमला गेलं. तिथं बोव्हे यांनी शस्त्रक्रियेवेळी स्नायू सैल करणाऱ्या औषधांवर मोठं काम केलं. १९५७ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ८ एप्रिल १९९२ रोजी रोममध्येच त्यांचं निधन झालं.

आज औषधाच्या डब्यात ॲलर्जीची गोळी नाही असं घर क्वचितच सापडेल. ती कुठवर पुरते आणि कुठं पुरत नाही, एवढं मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.